तारीख माईकवरून मिळत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी चोपडा तालुक्यातली, वय 39. एका पतसंस्थेत 12 वर्षं लिपिक होते. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता घरखर्चाचा हिशेब, कर्ज आणि फोनवरून होणारी फसवणूक या विषयांवर बचत गट, शाळांचे पालक मेळावे, पतसंस्था अशा ठिकाणी व्याख्यानं देते. घर बऱ्यापैकी त्यावरच चालतं. पहिली दोन वर्षं ओळखीतून बोलावणी आली, यंदा ती रोडावली. एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की शेवटची पाच-सात मिनिटं आपल्या कार्यशाळेची माहिती द्या, नंबर सांगा, 'आजच नाव नोंदवा' म्हणा. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत, माता-पालक मेळाव्यात मी तसं केलं. बायका चुळबुळ करायला लागल्या, मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले, निघताना नीट बोललेही नाहीत. तेव्हापासून व्यासपीठावर मी स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. टाळ्या मिळतात, शाल-श्रीफळ मिळतं, 'छान बोललात' म्हणतात आणि नंतर फोन येत नाही. घरचे म्हणतात, मागितल्याशिवाय कोण देतं? मला मागायची लाज वाटते. न मागता कामं मिळतील का?

ताई,

पारोळ्याची ती पाच मिनिटं तुम्ही फार मनाला लावून घेतलीत. आधी सगळ्यांसमोर मागितलंत आणि मग कुणाकडेच मागेनाशा झालात. दोन्ही वेळा एक गोष्ट मात्र तशीच राहिली, तुमचं लक्ष समोर बसलेल्या बायकांकडे होतं. पुढची तारीख देणारं माणूस बहुतेक वेळा त्या खुर्च्यांवर नसतंच.

हे मी दुसऱ्या बाजूने सांगते आहे. भुसावळला एका व्याख्यानमालेच्या समितीत मी 11 वर्षं होते. वक्ता शोधायचा, तारीख जुळवायची, स्टेशनवरून आणायचं, जेवणाचं बघायचं आणि कार्यक्रम पडला तर वर्षभर लोकांची बोलणी खायची, हे आमचं काम. या 11 वर्षांत एखाद्या वक्त्याने व्यासपीठावरून नंबर सांगितला म्हणून आम्ही कुणाला बोलावलं, असं एकदाही झालं नाही. आम्ही फोन करायचो. धुळ्याच्या समितीतल्या ओळखीच्या माणसाला, अमळनेरच्या ग्रंथपालांना, शहाद्याच्या एखाद्या मुख्याध्यापिकेला. आणि प्रश्न ठरलेले असायचे: "कशी बोलस ती? येळवर येस का?" मानधनाचा प्रश्न त्यानंतर यायचा. पलीकडचं माणूस एक क्षण थांबून "हां, बोलवा" म्हणालं की आमचं काम झालं. तो एक क्षण थांबण्याचा अर्थ आम्हाला कळायचा.

म्हणून 'व्यासपीठावर विकू की नको' हा प्रश्न मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. तुमचं पुढचं काम त्या फोनवर ठरतं. तो फोन कोण कोणाला करणार आणि तेव्हा तुमच्याबद्दल काय बोललं जाणार, हे तुम्हाला बऱ्याच अंशी घडवता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आधी पारोळ्यात काय बिनसलं ते बघू, कारण तुम्ही त्याचा अर्थ 'मी मागितलं म्हणून माझा मान गेला' असा लावला आहे. तुमच्या पत्रात वेळ दिलेली नाही, पण माता-पालक मेळावे दुपारी सुरू होतात आणि पाचच्या आत आटपायचे असतात. साडेचारनंतर त्या खुर्च्यांवरच्या बाईच्या डोक्यात काय असतं? गावाकडची एसटी, म्हशीची धार, संध्याकाळचा स्वयंपाक. तिने दीड तास तुमचं मन लावून ऐकलं. मग तुम्ही तिला अशी गोष्ट घ्यायला सांगितलीत जी ती घेऊच शकत नव्हती. कार्यशाळा संस्था ठरवते, गट ठरवतो, एकटी बाई नाही. मुख्याध्यापकांचं म्हणाल, तर त्यांनी आपल्या शब्दावर त्या बायांना शाळेत जमवलं होतं आणि त्यांच्या देखत त्यांच्याच पाहुण्यांनी दुकान मांडलं. आपल्याकडे व्याख्यात्याला बोलावणं असतं. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेपासून, म्हणजे 1875 पासून, ही रीत चालत आलेली आहे, आणि खेड्यातल्या शाळेतही ती सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे. बोलावलेल्या माणसाने यजमानाच्या ओट्यावर स्वतःचा माल काढला की यजमान संकोचतो. त्या प्रशिक्षणातला सल्ला मोठ्या शहरात, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे चालत असेल. आपल्या भागात, आणि तुमच्या विषयाला तर मुळीच नाही. 'फोनवर कुणी घाई करून पैसे भरायला लावलं तर थांबा' असं तासभर सांगायचं आणि शेवटी 'आजच नाव नोंदवा' म्हणायचं, हे एकमेकांना छेद देणारं आहे. बायांना ते शब्दांत सांगता आलं नसेल, पण जाणवलं नक्की.

आता दुसरं गृहीतक, 'मागणं म्हणजे हात पसरणं'. माझं माहेर यावल तालुक्यातलं. आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसायचा आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन व्हायचं. कीर्तनकार बुवा उभे असताना विठ्ठलाशिवाय कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. पण पंगत उठली की आमच्या ओट्यावर सतरंजी पडायची, बुवा टेकून बसायचे, शेजारच्या दोन-तीन गावांची माणसं यायची आणि बुवांच्या सदऱ्याच्या खिशातून एक डायरी निघायची. "पौष वद्य एकादशीला आमच्याकडे जमेल का?" बुवा पानं उलटायचे, "त्या दिवशी दुसरीकडे आहे, द्वादशी चालेल?" म्हणायचे, लिहून घ्यायचे. तिथे कुणाला काही कमीपणा वाटला नाही. माझ्या वडिलांना तर आपल्या ओट्यावर बुवांच्या चार तारखा ठरल्या याचं भूषण वाटायचं. मागण्याची जागा आणि वेळ बरोबर असली की देणाऱ्यालाही आनंद होतो. घरच्यांचं म्हणणं म्हणून अर्धं खरं आहे. मागायचं आहेच, पण ओट्यावर बसून, ज्याच्या हातात देणं आहे त्याच्याकडे.

आता कामाचं बोलू. पहिलं काम एका संध्याकाळचं आहे. तीन वर्षांतल्या सगळ्या व्याख्यानांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे बोलावणं कुणामुळे आलं. त्या माणसाला तुमचं नाव कुणी सांगितलं, तेही लिहा. भाटाच्या वहीत वंशावळ असते तशी ही तुमच्या कामाची वंशावळ होईल. मला जवळपास खात्री आहे की निम्म्याहून जास्त फांद्या दोन-चार माणसांपाशी जाऊन थांबतील. बचत गटांच्या प्रभागसंघाची एखादी अध्यक्ष, तुमच्या जुन्या पतसंस्थेतले व्यवस्थापक, एखादी शिक्षिका. यंदा कामं का रोडावली तेही त्याच कागदावर दिसेल. कदाचित त्यातल्या एकाची बदली झाली असेल, किंवा वर्षभरात तुम्ही त्यांना एक फोनही केला नसेल.

दुसरं, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आयोजकांना फोन करा आणि दहा मिनिटं विचारा. कोण येणार, त्यांच्याकडे सध्या कसली अडचण चालू आहे, मागच्या वर्षी कोण आलं होतं, काय आवडलं नाही. कुणाच्या घरी केळीच्या पैशांवरून व्यापाऱ्याशी वाद चालू आहे, कुण्या गटात एका बाईच्या खात्यातून फोनवरून पैसे गेले आहेत, हे तुम्हाला आधी कळलं तर तुमचं व्याख्यान त्या गावचं होतं. (नाव घ्यायचं नाही, गावात ते लगेच ओळखलं जातं.) आणि आयोजकाला कळतं की ही बाई पाठ केलेलं भाषण घेऊन फिरत नाही. समितीत असताना असा फोन करणारे वक्ते मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले, आणि ते सगळे आम्ही पुन्हा बोलावले.

तिसऱ्या गोष्टीकडे फार थोडे वक्ते लक्ष देतात. तुमचा परिचय. सूत्रसंचालिका ऐन वेळी मोबाईलवर आलेली दोन पानं वाचते, पदव्या, पुरस्कार, 'ज्यांच्या परिचयाची गरज नाही अशा'. ही दोन मिनिटं तुमच्या हातातून जाऊ देऊ नका. तुम्ही स्वतःबद्दल जे बोलू शकत नाही ते तिच्या तोंडून शोभून दिसतं. मोठ्या अक्षरात एका कागदावर सात-आठ ओळी लिहा आणि पोचल्याबरोबर तिच्या हातात द्या. साधारण अशा:

"आजच्या वक्त्या 12 वर्षं पतसंस्थेत होत्या. कर्जाचा हप्ता का थकतो हे त्यांनी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. गेल्या तीन वर्षांत त्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले बचत गट, शाळा आणि पतसंस्थांमध्ये घराच्या हिशेबावर बोलत आल्या आहेत. गटांसाठी त्या अर्ध्या दिवसाची हिशेबाची शिकवणीही घेतात, वही-पेन घेऊन. आज त्या आपल्याशी एकाच गोष्टीवर बोलणार आहेत: महिन्याचा पैसा जातो कुठे?"

यात तुमचं सगळं काम आलं. कुणी काही विकलं नाही. समोर बसलेल्या, गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या सचिवाने 'अर्ध्या दिवसाची शिकवणी' हे शब्द ऐकले, तिला हवं असेल तर ती चहाच्या वेळी स्वतःहून येईल.

व्याख्यानातही तुमचं काम आपोआप दिसू शकतं. 'मी शिरपूरला गेले होते' एवढ्यावर थांबू नका, तिथे काय झालं ते सांगा. एका गटातल्या बाईने तीन महिने खर्च लिहिला आणि तिला कळलं की किराण्यापेक्षा जास्त पैसा मोबाईलचं रिचार्ज आणि बाहेरच्या चहा-नाश्त्यावर जातो. शेवटी ती म्हणाली, "ताई, आते मी सासूले बी लिखाले लावसू." असा प्रसंग खरा असेल आणि तिची परवानगी असेल तर तो सांगा. श्रोत्यांना उपयोगी गोष्ट मिळते आणि ऐकणाऱ्या आयोजकाला तुम्ही आणखी कुठे जाता, काय करता, हे कळतं. मात्र प्रसंग व्याख्यानाच्या मुद्द्यासाठी आला पाहिजे. जाहिरातीसाठी आणलेला प्रसंग खेड्यातल्या बाईला लगेच कळतो.

आणि हातात काहीतरी द्या. तुमच्या विषयाला तर हे फारच सोपं आहे. एका कागदावर महिन्याच्या हिशेबाचा तक्ता, मोठे रकाने, डावीकडे दूध, किराणा, दवाखाना, शाळा, हप्ता, भिशी. खाली एक ठळक ओळ: 'फोनवर फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन करा.' त्याखाली तुमचं नाव आणि नंबर, बारीक अक्षरात. झेरॉक्सचा खर्च तुमचा. भाषण विसरलं जातं, पण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद वर्षभर राहतो. गटाच्या पुढच्या बैठकीत 'अशा बाईंना बोलवायला पाहिजे' असा विषय निघाला की नंबर शोधायला लागत नाही. एक मात्र पाळा. हजेरीच्या वहीतून बायांचे नंबर उतरवून घेऊन ग्रुप करू नका. ज्यांना हवं त्या स्वतः फोन करतील. फसवणुकीवर बोलणाऱ्या बाईने नंबर कसा सांभाळावा याचा धडा तिच्या वागण्यातूनच मिळायला हवा.

आता खरी मागणी. भाषण झाल्यावर लगेच निघू नका. तुम्ही लिहिलं आहे की शेवटची बस गाठायची म्हणून तुम्ही आभारप्रदर्शनानंतर निघता. मी समजू शकते, रात्री एकट्या बाईने चोपड्यापर्यंत यायचं सोपं नाही. मग कार्यक्रमाची वेळच अर्धा तास आधीची मागून घ्या, किंवा गाडीखर्च मानधनात धरा, पण तो अर्धा तास सोडू नका. तीच तुमची सतरंजी. आयोजकांना दोन प्रश्न विचारा. पहिला चहा घेताना: "बायांना कुठला भाग जास्त लागला असं वाटलं?" यातून तुमचं व्याख्यान सुधारेल. दुसरा दोन दिवसांनी, फोनवर किंवा मेसेजवर, कारण समोर तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे कठीण जातं:

"सर, परवाच्या कार्यक्रमाबद्दल आभार. व्यवस्था फार छान होती. आपल्या तालुक्यातल्या आणखी एक-दोन शाळांना किंवा पतसंस्थांना हा विषय उपयोगी पडेल असं आपल्याला वाटत असेल, तर कोणाशी बोलू ते सांगाल का? आपलं नाव घेतलेलं चालेल ना?"

'काही काम असेल तर सांगा' या वाक्यापेक्षा हे फार वेगळं आहे. ते वाक्य समोरच्याला ओझं देतं, आणि लोक ते ऐकून विसरतात. इथे तुम्ही एक-दोन नावं मागितली आहेत आणि नाव घेण्याची परवानगी मागितली आहे. मी समितीत असताना असा मेसेज आला तर पाच मिनिटांत दोन नंबर पाठवले असते, कारण त्यात माझाही मान आहे, माझ्या शिफारशीला किंमत आहे. सोबत दोन ओळींचं पत्र मागा, शाळेच्या लेटरहेडवर. नव्या ठिकाणी ते पत्र तुमच्या परिचयपत्रकापेक्षा जास्त बोलतं.

वेळेचं गणितही बघा. तुमच्या विषयाचा हंगाम असतो आणि बोलावणारे तो आधी ठरवतात. पतसंस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 14 ते 20 नोव्हेंबर सहकार सप्ताह. फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह असतो, लगेच 8 मार्च. डिसेंबर-जानेवारीत महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं खेड्यांत असतात आणि त्यांना दुपारच्या बौद्धिक सत्रासाठी वक्ते हवेच असतात. या प्रत्येकाच्या दोन महिने आधी तुमचा फोन गेला पाहिजे. 8 मार्चच्या आठवड्यात फोन करणाऱ्याला उरलेली तारीख मिळते. आणि आपल्या खानदेशातली एक गोष्ट बाहेरचा वक्ता कधीच हेरणार नाही: सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. त्याआधीच्या महिन्यात घरोघरी उचल, देणं-घेणं, पुढच्या वर्षाचा अंदाज, याचीच बोलणी चालू असतात. हिशेबावर बोलायला याहून चांगला काळ कुठला? आखाजीचे दिवस स्वतः मोकळे सोडा, तेव्हा माहेरवाशिणी झोक्यावर असतात, तिथे व्याख्यान नको. जूनमध्ये पेरणीत आणि कापूस वेचणीच्या भरात खेड्यात दुपारचा कार्यक्रम घेऊ नका. आयोजकाने तारीख दिली तरी तुम्हीच सांगा की या दिवसांत बाया येणार नाहीत. असं सांगणाऱ्या वक्त्यावर आयोजकाचा विश्वास बसतो.

फुकट व्याख्यानांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या ओळींमधून ते दिसतं. फुकट जायला हरकत नाही, पण रिकाम्या हाताने परत येऊ नका. आधीच ठरवा: मानधन नाही तर पत्र, दोन नावं आणि व्याख्यानाचं चित्रीकरण करण्याची परवानगी. आणि नेहमीचं मानधन किती ते सांगून मग माफ करा. न सांगता माफ केलं तर पुढच्या गावालाही 'त्या काही घेत नाहीत' असाच निरोप जातो.

रील्स, फेसबुक वगैरे करा हवं तर, पण तुमच्या वंशावळीत त्यातून एकही फांदी निघाली नसेल तर त्यात रोजचा तास घालवू नका. दोन मिनिटांची एक स्वच्छ आवाजाची क्लिप पुरे, आयोजकाने मागितली तर पाठवायला.

तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी असतील, कुणी आरोग्यावर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर. त्यांच्याशी भांडण धरू नका. अमेरिकेत 1973 मध्ये कॅव्हेट रॉबर्ट यांनी व्यावसायिक वक्त्यांची संघटना उभी केली, ती याच भरवशावर की वक्त्यांनी एकमेकांना मदत केली तर सगळ्यांचंच काम वाढतं. तुमच्या भागात हे जास्तच खरं आहे, कारण एक शाळा तुम्हाला दरवर्षी बोलावू शकत नाही. पुढच्या वर्षी कोण, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पडतोच. तुम्ही एक चांगलं नाव सुचवलंत की ते तुम्हाला विसरत नाहीत, आणि ती बाई तिच्या ओळखीच्या शाळांत तुमचं नाव सांगते.

एक अवघड गोष्टही बोलून घेते, राग मानू नका. कधी कधी फोन येत नाही कारण व्याख्यानच ठीकठाक असतं. 'छान बोललात' हे आपल्याकडे सगळ्यांनाच म्हणतात. पुढचं व्याख्यान मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना ऐका. जिथे तुमचंच लक्ष भाजीकडे गेलं, तो भाग कापा. श्रोत्यांपैकी कुणी घरी जाऊन खरंच तक्ता भरला का, हे महिन्याभराने आयोजकांना विचारा. भरला असेल तर तीच तुमची सगळ्यात मोठी शिफारस.

आणि पारोळ्याच्या मुख्याध्यापकांना फोन करा. या आठवड्यातच. शाळा सुटल्यावर, साडेपाचच्या सुमाराला. काम मागायला नाही. सांगा, "सर, त्या दिवशी शेवटी मी माझ्या कार्यशाळेबद्दल बोलले, ते तिथे बोलायला नको होतं, तुम्हाला अवघड वाटलं असेल." मग विचारा, त्या मेळाव्यातल्या बायांपैकी कुणी खर्च लिहायला लागलं का, आणि त्यांना तक्ते पाठवले तर शाळा वाटेल का. किती हवेत ते विचारून घ्या आणि तेवढे दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पाठवून द्या.